क्रमांक दोनशे सतरा

आमच्या सर्व्हरला कुणीच आठवत नाही.
हियुमा बेटाच्या फेरीबोटीवर तुम्ही जागा धरता,
एक गाडी, दोन माणसं, एक कुत्रा,
पुढच्या पानावर जाता
आणि तो बघतो, ओळख ना पाळख.
दर विनंतीला पहिले पाढे पंचावन्न.

म्हणून उत्तराबरोबर तो एक चिठ्ठी देतो.
कुकी म्हणतात तिला, का ते विचारू नका.
ब्राउझर ती खिशात ठेवतो
आणि पुढच्या खेपेला, न मागता, पुढे करतो.

मला हे कुणाला शिकवावं लागलं नाही.
माझी आई, हेल्वे, तार्तूच्या एका नाट्यगृहात
प्रेक्षकांचे कोट सांभाळायची. तीस हिवाळे.
कोट घ्यायचा, पितळी बिल्ला द्यायचा,
तोंडाकडे बघायचं नाही.
"चेहरा बदलतो, काइदी. आकडा नाही बदलत."
कोट आत, आकडा बाहेर.
मीही तेच करते:
नाव, गाडी, कुत्रा, सगळं आतल्या खुंटीवर,
खिशात फक्त एक लांबलचक आकडा,
कुणाला अंदाजाने सांगता येऊ नये असा.
नवी पोरं अख्खा कोटच खिशात कोंबून पाठवतात.
मग कुणीतरी वाटेत बाह्या बदलतं.

चिठ्ठी द्यायची ती तोंड उघडण्याआधी.
पानाचं पहिलं अक्षर बाहेर पडलं
की हेडर गेले, हात रिकामे.
एका फायलीच्या माथ्यावर राहिलेल्या
एका कोऱ्या ओळीपायी
माझा आख्खा मंगळवार गेला होता.
आणि आत्ता दिलेली चिठ्ठी आत्ता वाचता येत नाही.
माणूस परत आला तरच ती दिसते.

आईकडे एक कोट उरला होता.
मध्यंतरात कुणी उठून गेलं, आलंच नाही.
राखाडी, लोकरी, खिशात एक हातमोजा. डावा.
नियम असा की महिन्याभराने विकून टाकायचा.
आई दर वसंतात तो मागच्या अंगणात उन्हाला घालायची,
डांबरगोळ्या बदलायची,
वहीत लिहायची: २१७, आहे.
अकराव्या वर्षी पाकीट आलं.
आत पितळी बिल्ला.
पत्र नाही, पत्ता नाही, तिकिटावरचा शिक्का पुसट.

कुणाच्या खिशातली चिठ्ठी आपल्याला काढता येत नाही.
त्याच नावाची दुसरी पाठवायची,
होऊन गेलेल्या तारखेची.
मग ती आपण होऊन गळून पडते.
हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा
मला ते पाकीट आठवलं.
आईने त्याच संध्याकाळी कोट उतरवला
आणि भट्टीवाल्याला दिला.
हातमोजा घरी आणला. किटली उचलायला.

आमच्याकडे वीस मिनिटं.
तार्वोने ठरवलेली, उन्हाळ्यातल्या गर्दीच्या हिशोबाने.
रात्री तीन वाजता माझीच स्क्रिप्ट फिरते
आणि खुंट्या मोकळ्या करते.

मार्चमध्ये फोन आला. क्याइना गावची मेता,
वय एक्याऐंशी.
"मेंढी अडली होती, म्हणून गोठ्यात गेले.
परत येते तर तुमचं यंत्र विचारतंय, तू कोण?
सहा वेळा सांगितलं.
सहाव्या वेळी माझा मलाच भरवसा वाटेना."

मी विचारलं, मेंढी व्यायला किती वेळ लागतो?
ती थांबली. बहुधा मोजत होती.
"पहिलारू असेल तर रात्र सरते."

जागा वीस मिनिटांनी सुटेल, ते ठीकच आहे,
बोटीवर दुसरेही आहेत.
पण माणूस बारा तास लक्षात राहील.
त्रेचाळीस हजार दोनशे सेकंद,
आणि शेजारी, आकडा कुठून आला ते कळावं म्हणून,
एका शब्दाची टीप.

सकाळी तार्वो खुर्ची सरकवून आला.
"मेंढी?" म्हणाला.
मी किटली चढवली.