माया

तिसऱ्या मजल्यावर, ट्रायल रूमच्या मागं,
गिऱ्हाइकाची नजर जाणार नाही अशा कोपऱ्यात
माझं मशीन होतं. अकरा वर्षं.
मी, मशीन, आणि एक ट्यूबलाइट
जी लागण्याआधी दोनदा विचार करायची.

या शहराची उंची मला विचारा.
कंपनीच्या पॅंटी कुठल्यातरी उंच देशाच्या मापानं येतात
आणि गंगापूर रोडचे डॉक्टर, सातपूरचे मॅनेजर,
दिंडोरीहून जीप घेऊन आलेले द्राक्षवाले
सगळे दोन इंच कमी भरतात.
ते दोन इंच मी कापायचे, असा दुकानाचा नियम.
मी आत दुमडायचो.
वडील पंचवटीत कारंजाजवळ बसायचे, म्हणायचे,
शिवणीत माया ठेव रे.
माणूस सुटतो, वाळतो, मुलाला देतो.

नोटीस आली ती इंग्रजीत.
खाली आमच्या सह्या, मराठीत.

मग बोर्ड लागले. तीस टक्के.
आठवड्यानं पन्नास.
सत्तर लागल्यावर जी माणसं आली
ती आजवर सरकत्या जिन्यानं वर यायची
आणि काचेपासून परत फिरायची.
एक बाई चपला हातात घेऊन आत शिरली.
दारावरचे राजोळे म्हणाले,
घाला ताई, आता कशाला.

परवीन अत्तारचा काउंटर तिच्या आडनावाला शोभेल असा.
टेस्टरच्या बाटल्या उरल्या होत्या, त्या तिनं
एकेक करून स्वतःच्या मनगटावर संपवल्या.
दुसऱ्या दिवशी सांगत होती,
बसमध्ये कंडक्टरनं खिडकी उघडली माझ्यामुळं!
हसता हसता डोळे पुसले तिनं.
सेंट झोंबला असेल.

भामरे साहेब अकरा वर्षं इंग्रजीत बोलले.
मास्टरजी, फास्ट. मास्टरजी, अर्जंट.
शेवटच्या शनिवारी माझ्या स्टुलावर येऊन बसले, टाय खिशात,
आणि एकदम म्हणाले,
सटाण्यात किराणा दुकान होतं हो आमचं.
बंद केलं त्या दिवशी
आईनं तराजूला हळदकुंकू वाहिलं होतं.
इथं कशाला वाहायचं?

मी आजूबाजूला पाहिलं.
हॅंगर शेकड्याच्या भावानं गेले होते.
बिलाचं मशीन खोक्यात. आरसेसुद्धा विकलेले,
पाठीवर कुणाकुणाची नावं, भिंतीकडं तोंड करून उभे.
मी कात्री पुढं केली.
ती दुकानाची नव्हती, माझी होती. साहेबांना चालली.
हळदकुंकू कुठून आणणार,
मापाचे खडू होते, एक पिवळा, एक गुलाबी.
त्यांनी तेच लावलं,
आणि हात जोडताना त्यांचा बॅज
टेबलाच्या कडेवर वाजला.

पुतळे सिन्नरच्या रेडीमेडवाल्यानं घेतले.
टेम्पोत उभे, कमरेला एकच दोरी,
डोकी नसलेली वीस-बावीस माणसं
द्वारकेच्या सिग्नलला थांबली होती.
शेजारच्या रिक्षातलं पोर त्यांना टाटा करत होतं.

एक पॅंट उरली माझ्याकडं.
पावतीवर हिरे. राखाडी. कंबर छत्तीस, लांबी अडीच कमी.
फोन लावला.
ती होय? ते म्हणाले, बायकोनं घ्यायला लावली होती,
मला कधी आवडलीच नाही. ठेवा तुम्ही.
दुकान बंद झालं का?
बरं झालं, पार्किंग मिळायचं नाही तिथं.

घरी आणली. पोराला कमरेत ढगळ, लांबीला आखूड.
कंबर आत घेतली.
खालची दुमड उसवली, इंच इंच, दातांनी धागा ओढत.
आतलं कापड कोरं,
दुकानाच्या दिव्यानं न विटलेलं.

मापात बसली.
फक्त जुन्या दुमडीची एक रेघ राहिली आहे,
तीनदा इस्त्री फिरवली, जात नाही.
पोरगा म्हणतो, राहू द्या की.
खाली वाकून कोण बघतंय.