आकडा

मिहानमध्ये रात्रीचे अडीच वाजलेत,
ओहायोत अजून ऊन असेल.
तिथल्या कुणा एकेचाळीस वर्षांच्या माणसाचं
गालाचं हाड माझ्या स्क्रीनवर आलंय.
डावं. मोडलेलं. बसवलेलं.
न उघडता.

न उघडता म्हणजे डी सात सहा सहा शून्य.
उघडून असतं तर सात सहा पाच शून्य.
एका आकड्याच्या फरकात चिरा, टाके, प्लेट, स्क्रू
आणि बरेचसे डॉलर.
नवी पोरं इथंच घसरतात.
दातांचा विमा म्हणतो, गाल आमच्यात येत नाही,
दुसरा म्हणतो, दातवाल्यानं केलंय ना, मग त्यांच्याकडे जा,
आणि दावा फिरत राहतो
एका खिडकीवरून दुसरीवर.

मी घसरत नाही.
मी तो आवाज ऐकलाय.

होमराज एकोणीसचा होता. रेशीमबागेत कबड्डी,
बुटीबोरीच्या पोराचं कोपर.
जर्मनच्या डब्याला पडतो तसा गालाला पोचा,
तोंड दोन बोटांपलीकडे उघडेना.
आई म्हणाली, "बाप्पा, आता पोरगी कोन देईन याले?"
मेडिकल चौकात डेंटल कॉलेज, केसपेपर दहा रुपये,
शिकाऊ रामटेके मॅडम, मनगटं माझ्याएवढीच.
त्यांनी गालाखाली आकडा घातला
आणि ओढला.

खट्.

बाहेर बाकावर बसून मी ऐकलं.
प्लेट नाही, तार नाही,
हाड आपल्या जागी नुसतं टेकलेलं.
तीन आठवडे या कुशीवर झोपू द्यायचं नाही,
हे त्यांनी मला सांगितलं,
आई रडत होती म्हणून.

मी चौदाची. अजनीचं क्वार्टर,
मागे रात्रभर इंजिनं मागेपुढे.
त्याच्या डाव्या अंगाला भूमिती घेऊन बसायची,
तो वळला की पट्टीनं ढोसायची.
"झोपू दे ना वं."
"तिकडं तोंड करून झोप ना बे."
एकवीस रात्री.
भूमितीत नापास झाले.
इथं मुलाखतीत विचारलं, रात्रपाळीचा अनुभव?
आहे म्हटलं.

ओहायोवाल्याच्या फॉर्मवर खाली एक ओळ:
अवलंबित, मुलगी, वय बारा.
तिच्याकडे पट्टी असेल का, असं मनात आलं.
मग सात सहा सहा शून्य टाकलं,
आणि पुढचा घेतला. अक्कलदाढ.

सहाला गेटवर होमराज, ऑटोत, मफलर बांधून.
थंडीत अजून ठणकतं त्याला, सांगत नाही.
खापरीपर्यंत मी त्याला रक्कम रुपयांत करून सांगितली.
त्यानं आरशात डावा गाल फिरवून पाह्यला,
"एवढ्यात तं नवा ऑटो येते," म्हणाला,
आणि सिग्नल हिरवा झाला तरी
पाहतच राह्यला.