चिपाडं

पाषाणच्या चौकात केरबांची रसवंती.
घुंगरं वाजली की मी गोणी घेऊन जाते.
वर्षभर ते समजत होते, माझी गाय आहे.
"दूध किती देते?" विचारायचे,
मी सांगायचे, "सध्या आटलीये."

अगदीच खोटं नव्हतं.
चिपाडं धुवायची, वाळवायची, दळायची,
आम्लात उकळून साखर सोडवायची,
मग जिवाणूंपुढे वाढायची.
विरजणाचेच चुलतभाऊ ते,
ताप जरा चढला की रुसतात.
शेवटी फ्लास्कच्या तळाशी मधासारखं काही उरतं,
ते जोडत बसायचं, कडीला कडी,
रात्री दोनपर्यंत, व्हॅक्यूम पंपाच्या घरघरीत.

आई भांड्याला टिचकी मारून म्हणायची, टिकाऊ आहे.
मी पगार घेते तो न टिकण्याचा.
प्रकल्पाच्या अर्जावर "शाश्वत",
प्रयोगवहीत "नाशवंत",
दोन्ही माझ्याच अक्षरात.

फेब्रुवारीत पहिला पेला झाला.
उन्हात धरला तर जरा पिवळट.
नाझनीननं त्यात चहा ओतला
आणि पेल्यानं मान टाकली.
कुणीच बोललं नाही.
वहीचं तेवढं पान अजून तपकिरी आहे.

इमारतीमागे अकरा कुंड्या.
प्रत्येकीत एक तुकडा पुरलेला, वर तारखेची पाटी.
पंधरवड्याला उकरायचा, धुवायचा, तोलायचा, परत पुरायचा.
नव्वद दिवसांत शंभरातला एक भाग गेला.
माळीबुवा म्हणाले, "कशाचं बी हो मॅडम? उगवंना ते?"
चहात राहायला तयार नाही,
मातीत जायला तयार नाही.
"आमचा धाकटा दीर," नाझनीन म्हणाली.

एप्रिलमध्ये नवा पेला केरबांना नेऊन दिला.
म्हटलं, तुमचीच चिपाडं.
त्यांनी उजेडात धरला, हुंगला,
आलं-लिंबू मारून रस ओतला.
पेल्यानं धरला.
पिऊन झाल्यावर मी टोपलीकडे वळले
तर हातातून काढून घेतला,
बादलीत विसळला, उपरण्यानं पुसला,
गल्ल्याशेजारी, तसबिरीखाली पालथा घातला.
"ऐवज आहे," म्हणाले, "असा टाकत्यात व्हय?"

बारावी कुंडी ती. वहीत नोंद नाही.
रोज गोणी भरताना नजर तिकडे जाते.
ऊस चरकात शिरतो, घुंगरं वाजतात,
आणि त्या पेल्याचं काय व्हावं
हे मला ठरवता येत नाही.