डाव्या हाताचा मळ

बोरा वारा सुटला की त्रिएस्तेत
माणसं भिंती धरून चालतात.
ओंडिनाबाई त्या दिवशी माझ्या दुकानात आल्या
त्या जवळजवळ दारासकटच.
डोक्याचा रुमाल सोडला, काउंटरवर बोटं वाजवली :
"यंत्र दाखव, द्युलियो. घरी वापरायचं."

बत्तीस वर्षं मी हेच करतो.
चुना खरवडतो, गॅस्केट बदलतो,
आणि गिऱ्हाईक दिसलं की जीभ सैल सोडतो.

हे बघा, एका बॉयलरचं :
आधी कॉफी, मग दुधाची वाफ,
मधे हात बांधून उभं राहायचं.
हे दोन बॉयलरचं : थांबणं नाही,
पण अर्धा ओटा खातं आणि वीज पितं.
हे बटणवालं : दाणे आत, कॉफी बाहेर,
मधलं त्याचं त्याला ठाऊक.
बिघडलं तर मलासुद्धा सांगत नाही काय दुखतंय ते.
कॅप्सूलचं? आहे ना, खालच्या फळीवर.
विकतो, पण वाकावं लागतं.

चवीबद्दल मात्र मी बोललो नाही.
या बाईने जुन्या बंदरात अठ्ठावीस वर्षं
पोत्यांत परखी खुपसून हिरवे दाणे हुंगलेत,
तिच्या एका नकारावर जहाजं खोळंबलीत.
तिला मी काय सांगणार?

तिने दाब विचारला नाही, तापमान विचारलं नाही.
उजवा हात कोटाच्या पट्ट्यात खोचला
आणि एकट्या डाव्याने
एकेका यंत्राची मूठ फिरवू लागली.
मूठ फिरेना. यंत्रच फिरलं,
फरशीवर करकरत, हट्टी बकऱ्यासारखं.
"हात दुखावलाय का बाई?"
"माझा नाही."

मग कळलं.
लिव्हियो, गोदीतला क्रेनवाला,
मार्चपासून उजवी बाजू गेलेली.
घरी दांड्याचं जुनं यंत्र आहे,
चाळीस वर्षं दांडा त्यानेच ओढला.
बायकोच्या हातची कॉफी त्याला चालत नाही,
आणि आता रोज सकाळी
तो त्या यंत्रासमोर खुर्ची टाकून बसतो नुसता.
मुलाने उदिनेहून कॅप्सूलचं आणलं होतं.
त्यावर त्याने भांडी पुसायचं फडकं टाकलं.

"मग बटणवालं न्या," मी म्हणालो. "एका बोटाचं काम."
"बटण दाबायला नवरा कशाला?" बाई म्हणाल्या.

गुरुवारी चार जिने चढून गेलो, ड्रिल घेऊन.
विकायला काही नव्हतं माझ्याकडे,
चार स्क्रू आणि बीच लाकडाची एक फळी.
यंत्र फळीला आवळलं, फळी ओट्याला,
आणि सगळं तोंड डावीकडे वळवलं.
लिव्हियो अर्ध्या ओठांनी माझ्या चुका काढत होता.
पूर्ण ओठांनी काढायचा त्यापेक्षा जास्त.

सोप्या कामाला म्हणे डाव्या हाताचा मळ म्हणतात.
म्हणणाऱ्याने कधी दांडा ओढून पाहावा.
वर उचला, पाणी दाण्यांत मुरू द्या,
दहापर्यंत मोजा, मग खाली,
घाई न करता, थरथर न करता.
तो मोजत होता. आकडे अडखळत होते.
सातानंतर नऊ आला.

पहिला कप जळका.
दुसरा अर्धा ओट्यावर.
तिसरा त्याने बाईंकडे सरकवला.
त्यांनी हुंगला, जिभेवर घोळवला,
पोतं परत पाठवताना करतात तसा चेहरा केला :
"आंबट."
लिव्हियोने काही न बोलता दांडा पुन्हा उचलला.

मी चार स्क्रूंचे पैसे लावले, फळीचे नाही.
बाई जिन्यापर्यंत पोचवायला आल्या,
मागे दार ओढून घेतलं
आणि हळूच विचारलं,
"ते बटणवालं, कितीला म्हणालास?
यंदा हिवाळा लांबणार आहे."