अभिप्राय लिहा, चार ओळींत

हॉलमध्ये पंखे तीन, फिरणारा एक,
माणसं सतरा.
दारातच ईरण्णानं कागद हातात ठेवला:
अभिप्राय लिहा, चार ओळींत.
पेन ज्याचं त्यानं आणायचं.

पडद्यावर आधी काळं आलं.
काळ्यात एक पांढरा ठिपका, थरथरता,
मग सात, मग पळालेच सगळे.
गोष्ट नाही, माणूस नाही, आवाज नाही,
म्हणजे होता, कट-कट-कट,
पण तो सिनेमातला की मशीनचा
हे कुणाला सांगता येईना.
मागून कुणी म्हणालं, रीळ उंदरांनी खाल्लंय.
हसले लोक.
बाराव्या मिनिटाला आम्ही नऊ होतो.

नंतर कळलं, करणाऱ्या बाईनं
कॅमेरा हातात घेतलाच नव्हता.
काळ्या फितीला सुईनं भोकं पाडत बसली होती
दोन उन्हाळे.

आता मी काय सांगू.
एकतीस वर्षं मी भोकंच पाडतोय.
साखर पेठेत, चिट्याल शेठच्या पत्र्याखाली,
आधी कागदावर चौकटी रंगवायच्या
मग पुठ्ठ्याच्या कार्डावर त्यांची भोकं.
भोक असेल तिथं धागा उठतो,
नसेल तिथं खाली राहतो, निमूट.
एवढ्यावर चादरीत मोर उभा राहतो
आणि सांगलीत की सुरतेत
कुणीतरी त्याच्यावर कूस बदलतं.

कंटाळा नाही आला मला. राग आला.
तिसऱ्या रांगेतलं पाचवं भोक
बाईनं चुकवलं होतं.
इथं धागा तुटणार, मी मनात म्हणालो,
आणि मग, कुठला धागा?

अंधारातच बसच्या तिकिटामागं
दिसतील तेवढे ठिपके उतरवत गेलो.
तिकीट संपलं. मग अभिप्रायाचा कागद.

चहा व्हरांड्यात होता. भिंतीवर फोटो,
कॉलेजातल्या कुठल्याशा मुलीचे,
तळ्याच्या पाण्यात महिनाभर बुडवून ठेवलेले.
चेहरे वाहून गेलेले, कान तेवढे उरलेले.
त्या कानांपाशी उभा राहून
मी चहासुद्धा आवाज न करता प्यालो.
टेबलावर एक कादंबरी, न शिवलेली,
सुटी पानं, कुठूनही वाचा म्हणे.
माझ्या हातून दोन पानं खाली पडली.
उचलून कुठं घातली ते मी कुणाला सांगितलं नाही.
तेवढी ती कादंबरी माझी.

सुट्टीच्या दिवशी सँपलच्या मागावर
तिकिटावरची भोकं कार्डावर घेतली.
राजमल्लू म्हणाला, तिसऱ्या रांगेत चुकलंय बघा, नीट करू?
राहू दे म्हटलं.
असं एकतीस वर्षांत पहिल्यांदा म्हटलं,
त्यानं माझ्याकडे बघितलं, मग धोट्याकडे.

वीतभर कापड निघालं.
कुठं धागे लांब सुटलेले, नखात अडकतील असे,
कुठं इतकं घट्ट की सुई जाणार नाही.
आणि ती तिसरी रांग,
तिथं काहीच तुटलं नव्हतं.
धागा जरा खाली राहिला, एवढंच.
मोर नव्हता. मोर नव्हता म्हणून
मी ते बघत बसलो
जेवणाची सुट्टी संपेपर्यंत.
उजेडाकडे धरलं, तर पत्र्याच्या फटीतून
ऊन आलं, थरथरतं.
काळं, मग एक, मग सात.

घरी नेलं. नागमणीनं उलटंपालटं केलं.
गिदेंदि? म्हणाली.
काय सांगणार, सिनेमा म्हटलं.
बरं, म्हणाली, आणि कडक भाकऱ्यांच्या टोपलीत
तळाला अंथरलं,
वर भाकऱ्या उभ्या लावल्या, शेंगाचटणीचा डबा टेकवला.

परवा ईरण्णाचा फोन आला,
सगळ्यांचे आले, तुमचाच अभिप्राय राहिला.
झालाय म्हटलं.
भाकऱ्यांखाली आहे,
संपल्या की आणून देतो.