ळ

कलेक्टर ऑफिसच्या फाटकाबाहेर कडुनिंबाखाली
एकतीस उन्हाळे झाले माझ्या टेबलाला.
टाइपरायटरचा ळ तुटून सहा वर्षं.
वेळ, मूळ, जवळ,
जागा सोडतो, मागाहून पेनानं भरतो.

गिऱ्हाईक आता समोरच्या झेरॉक्सवाल्या प्रणयकडे.
फोनशी बोला, अर्ज तयार, वीस रुपये,
खाडाखोड औषधालाही नाही.
आतले नासरे बाबू सांगतात,
सगळे अर्ज एकाच माणसानं लिहिल्यासारखे येतात,
फार शिकलेला, कधीच उपाशी न निजलेला माणूस.
आणि उत्तरंही म्हणे आता तोच लिहितो.
तोच विनंती करतो, तोच फेटाळतो,
मधल्या वेळात नासरे आणि मी
तर्री-पोहे खातो.

मी शिव्या द्यायला हव्या होत्या.
पण दिवाळीनंतर खोकला हटेना,
मेडिकलच्या रांगेत छातीचा फोटो काढला.
सकाळपासून दोनशे छात्या पाहिलेल्या डॉक्टरीणबाई
'साधा खोकला' लिहून कागद पुढे सरकवत होत्या,
तेवढ्यात मशीननं पडद्यावर, डावीकडे,
नखाएवढा लाल चौकोन काढला.
बाई उठता उठता थांबल्या. परत बसल्या.

सहा महिने गोळ्या.
आज रोलर फिरवताना धाप लागत नाही.
उपकार विसरणारा मी नाही,
पण वाकायचं कुणापुढे?
पाया पडायला पाय तर पाहिजेत.

मे महिना. पारा सेहेचाळीसवर.
पदराला कांदा बांधून कामठीहून आल्या
पारबताबाई शेंडे.
चाळीस वर्षं बिड्या वळल्या, अंगठा उठेना,
म्हणून पेन्शनला चेहऱ्याचं मशीन आलं.
दरम्यान मोतीबिंदू काढला, उरलेले दात काढले.
मशीन म्हणालं, ही ती नाही.
चार महिने पैसे बंद.

"मी मी नाही म्हन्ते, बावा.
मंग मी कोन आहो, थे सांगत नाही."

आधी प्रणयकडे गेल्या होत्या.
फोनपुढे म्हणाल्या, माहे डोये बदलले.
फोननं लिहिलं, माझे दोघे बदलले,
आणि पुढे तीन परिच्छेद, अतिशय नम्र.
प्रणय हसला नाही, हे सांगायला हवं.
हाताला धरून त्यानंच रस्ता ओलांडून आणलं.

डोये.
माझी आईही असंच म्हणायची.
मला मास्तरांनी छडीनं शिकवला ळ,
जीभ उलटी वळवून, टाळूला लावून.
आता छडी नाही.
आता नुसती पेन्शन बंद होते.

कागद चढवला.
'अर्जदार हीच अर्जदार आहे'
एवढ्या एका ओळीला अर्धा तास लागला.
एकतीस वर्षांत असं वाक्य कुणी मागितलंच नव्हतं.

खाली अंगठा घेतला.
निळा, गुळगुळीत, एकही रेघ नाही,
टेंभुर्णीच्या पानांनी सगळ्या पुसून नेलेल्या.

मग पेन उघडलं. सोडलेल्या जागा भरत गेलो,
डोळे, वळणे, वेळेवर, कळावे.
त्या वाकून बघत होत्या.
"हे काय लिवता मधामधात?"
"तुमच्या तोंडात नाही, ते."
"मंग काऊन लिवता?"

मला उत्तर आलं नाही.

नासऱ्यांनी अर्ज स्कॅनरखाली धरला.
हिरवी रेघ एकदा फिरली, दुसऱ्यांदा फिरली.
"छापील वाचते हे. हातचं गाळते."
पारबताबाई कूलरसमोर भिंतीला टेकून बसल्या,
कांदा मुठीत.
नासऱ्यांनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं,
आणि ड्रॉवर उघडून
चष्मा शोधू लागले.