दोन बोटं

सेव्हर्न आणि एव्हन इथं भेटतात, ट्यूक्सबरीत.
संगमावरचं घर घेतलं मी.
एजंटला वाटलं, स्वस्त म्हणून.

आज पाणी डोरीनच्या फाटकाशी.
ती वाळूच्या पिशव्या रचतेय,
मी उचलून देतोय
आणि, कुणाला सांगता येणार नाही,
मनात पायऱ्या मोजतोय.

नरसोबाच्या वाडीला पायऱ्याच मोजायचो आम्ही.
कृष्णा चढली की दौलू अंबी
घाटावरून ओरडत यायचा,
अख्खं गाव पंचे खांद्यावर टाकून
दक्षिणद्वारी उभं,
पादुकांवरून आलेलं गढूळ पाणी
डोक्यावर घ्यायला.

तेच पाणी आमच्या पेढ्यांच्या दुकानात
गुडघाभर.
आई पराती माळ्यावर चढवताना
नदीला शिव्या द्यायची,
मग पदर खोचून
नहायला जायची तिच्यातच.

इथं ॲबीभोवती तळं झालंय.
मनोऱ्यावर दिवा आहे, घंटा नाही.

"किती आलंय?" डोरीन विचारते.
तिचा गालिचा नवा, इन्शुरन्सवाले फोन उचलत नाहीत.

"दोन बोटं," मी म्हणतो.
वाकतो. पिशवी सारखी करतोय असं दाखवत
ओला हात
डोक्यावरून फिरवून घेतो.